पंधरा फुटांवरचं श्रीमुख

जुन्या फर्निचरच्या गोदामाबाहेर सकाळी नऊपासून रांग लागायची. गोदाम बंद पडून दोन वर्षं झाली होती. खाटा, कपाटं आणि टेबलं विकायला ठेवली होती तेव्हा तिथे चिटपाखरूही फिरकत नसे. आता आत काहीच विकायला नव्हतं, तर माणसं फुटपाथ ओलांडून पेट्रोलपंपापर्यंत गेली होती.

रांगेपेक्षा मला बाहेर पडणाऱ्यांना बघायला आवडायचं. आत जाताना माणूस बेकरीवाला असायचा, बाहेर येताना साक्षीदार.

"श्रीमुखाने माझ्याकडे पाहिलं!" बेकरीवाला ओरडला. "मी डावीकडे सरकलो, तर मान वळवून डावीकडे पाहिलं. उजवीकडे गेलो, तर उजवीकडे!"

"तुमच्याकडे कसं पाहील? तेव्हा ते माझ्याकडे पाहत होतं," शिवणक्लासच्या बाई म्हणाल्या. "अगदी रोखून."

"माझ्याकडे मात्र फार मायेनं पाहिलं," असं एक घरमालक म्हणाले. ते सकाळीच भाडेकरूचं पाणी तोडून आले होते.

एरवी अपघाताच्या दोन साक्षीदारांनी अशा दोन तऱ्हा सांगितल्या असत्या, तर हवालदाराने दोघांनाही बाकावर बसवून ठेवलं असतं. इथे चाळीस जणांनी चाळीस तऱ्हा सांगितल्या आणि तोच पुरावा ठरला. भिंतीवरचं श्रीमुख एकाच वेळी सगळ्यांकडे पाहतं, आणि तरी प्रत्येकाला वाटतं की फक्त आपल्याकडेच पाहतं. यालाच चमत्कार म्हणतात, असं निवेदकाने लाउडस्पीकरवरून सांगितलं.

निवेदक लागायचा, कारण श्रीमुखाशेजारी बसणारे सन्मुखबाबा बोलत नसत. त्यांचं अकरा वर्षांचं मौन होतं. निवेदक त्या अकरा वर्षांची भरपाई रोज साडेचार तास करत असे.

"भाविकहो, मूर्ती स्थिर असते. फोटो स्थिर असतो. तुमचे साहेबसुद्धा तुमच्याकडे मान वर करून बघत नाहीत! पण श्रीमुख वळतं! कुणासाठी? तुमच्यासाठी! दोरीच्या अलीकडे उभे राहा. श्रीमुखाचं तेज पंधरा फुटांच्या आत सोसत नाही. आता डावा डोळा मिटा. दोन डोळे म्हणजे द्वैत. मी आणि तू, खरं आणि खोटं, नफा आणि तोटा! एक डोळा मिटा, द्वैत मिटेल. बघा, बघा, वळलं की नाही?"

"वळलं!" असा आतून गजर व्हायचा आणि बाहेरच्या रांगेला कापरं भरायचं.

मला या सगळ्याची मौज वाटत होती. आयुष्यभर वर्तमानपत्रात लोकांची टर उडवण्याचा पगार घेतल्यावर निवृत्तीनंतर फुकटात एवढा माल मिळणं हे भाग्यच. ताईने औषध बंद केलं नसतं, तर मी आणखी महिनाभर पेट्रोलपंपाच्या कठड्यावर बसून मौज बघितली असती.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. कापडगिरणीत तीस वर्षं तपासनीस होती. कापडाच्या थानातला तुटलेला एक धागा ती उभ्या उभ्या पकडायची. विणकर तिला टरकून असत. तिचा आपल्या डोळ्यांवर फार जीव, आणि त्याच डोळ्यांत काचबिंदू झालेला. आतला दाब वाढतो आणि नजर कडेकडेने खात येतो, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. रोज रात्री एक-एक थेंब टाकायचा, आयुष्यभर, एवढंच करायचं. थेंब टाकत राहिली तर उरलेली नजर टिकेल. थांबवले तर जाईल, आणि गेलेली परत येणार नाही.

थेंबांची बाटली फ्रिजच्या दारात असायची. एके दिवशी बघतो तर बाटली तशीच, सीलसुद्धा फोडलेलं नाही.

"ताई, हे काय? नवी बाटली आणून तीन आठवडे झाले."

"आता गरज नाही."

"डॉक्टर म्हणाल्या?"

"श्रीमुख ज्याच्याकडे बघतं, त्याची नजर तेच राखतं. औषध चालू ठेवणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास. निवेदक सांगतात."

"निवेदकाने डोळ्यांची पदवी कुठून घेतली?"

"तू थट्टाच कर. मला चांगलं दिसतंय. लख्ख दिसतंय. कुठे काळं नाही, धूसर नाही. ती डॉक्टरीणबाई म्हणते नजर कडेने जातेय. मग मला कडेला काळं दिसायला नको? सांग ना!"

एवढ्यात ताई वळली आणि तिचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला.

"या सुताराला दार कुठे बसवावं याची अक्कल नाही," ती म्हणाली. ते दार तिथे पस्तीस वर्षं होतं.

मग मी ठरवलं, बाबाची लबाडी उघडी पाडायची. मोटर असणार, दोरा असणार, मागे कुणीतरी हँडल फिरवत असणार. दुसऱ्या दिवशी खिशात टॉर्च घालून रांगेत उभा राहिलो.

आत अंधूक होतं. समोरची भिंत काळ्या कापडाने झाकलेली. त्यातून पांढरं श्रीमुख उमटलेलं: परातीएवढा चेहरा, मिटलेले ओठ, उघडे डोळे. खालून एक दिवा. दिव्याशेजारी गादीवर सन्मुखबाबा, गुटगुटीत आणि मौन. मी टॉर्च काढायच्या आत स्वयंसेवकाने तो काढून घेतला. म्हणून मी दोन्ही डोळे टक्क उघडे ठेवून कान टवकारले. मोटरची घरघर नव्हती. दोरा नव्हता. मी दोरीच्या कडेने डावीकडे सरकलो.

ते वळलं.

मी थांबलो, ते थांबलं. मी उजवीकडे गेलो, नाक माझ्या मागोमाग आलं. मी खाली वाकलो, त्याने हनुवटी खाली घेतली. डावा डोळा मिटला, तर ते इतकं जिवंत झालं की मी घाईने तो उघडला.

बाहेर आल्यावर बेकरीवाल्याने विचारलं, "काय, पाहिलं ना तुमच्याकडे?"

"पाहिलं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मी पाहिलं होतं की त्याने पाहिलं. चाळीस वर्षं ज्यांना मी मूर्ख ठरवलं, त्यांच्याच रांगेतून मीही साक्षीदार होऊन बाहेर पडलो होतो. निवेदकाने तर मला मायक्रोफोनवर घेण्याची तयारी दाखवली. "नामवंत नास्तिक" असा माझा उल्लेखही करून टाकला.

घरी जायचं तोंड नव्हतं, म्हणून कवळीवाल्याकडे गेलो. कवळीवाला म्हणजे गल्लीच्या टोकाला दातांची प्रयोगशाळा चालवणारा कारागीर. दंतवैद्य तोंडाचा ठसा घेतात आणि याच्याकडे पाठवतात. हा त्या ठशात प्लास्टर ओततो, जबडा काढतो, त्यावर कवळी बेततो. माझी खालची कवळी त्याच्याच हातची. त्याच्या फळीवर गावभरचे जबडे मांडलेले असतात. एकही बोलत नाही, त्यामुळे तिथे बरं वाटतं.

मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता एका जबड्याचा सुळा घासत होता. मध्येच थांबला.

"काका, दिवा वरून होता की खालून?"

"खालून."

"दोरी पंधरा फुटांवर?"

"हो."

"एक डोळा मिटायला सांगतात?"

"द्वैत जावं म्हणून."

कवळीवाला हसायला लागला. हसताना त्याचे स्वतःचे वाकडे दात दिसतात. तो म्हणतो, वेळच मिळत नाही.

"काका, ते श्रीमुख नाही. श्रीमुखाचा साचा आहे. तुम्ही आतली बाजू बघून आलात."

"म्हणजे?"

"खोलगट आहे ते. वाडग्यासारखं. नाक बाहेर आलेलं नाही, आत गेलंय."

"मी माझ्या डोळ्यांनी नाक बाहेर आलेलं पाहिलं!"

"मीपण असंच म्हणायचो," तो म्हणाला. "नवीन होतो तेव्हाची गोष्ट. टेबलावरचा दिवा चुकून खाली ठेवलेला. एका वकिलांचा ठसा आला. बघतो तर हिरडीच्या जागी टेंगूळ. म्हटलं, ठसा फुगलाय, खरवडून टाकू. खरवडला. तो होता खळगा! मी तो दुप्पट खोल केला. कवळी बसवल्यावर वकीलसाहेब कोर्टात 'माय लॉर्ड' म्हणाले आणि खालचे दात न्यायाधीशांच्या टेबलावर. उस्तादांनी माझा कान धरून तो ठसा माझ्या अंगठ्याखाली दाबला. म्हणाले, आपल्या धंद्यात बोट आधी, डोळा नंतर. तेव्हापासून चाचपल्याशिवाय मी कशाला उंच म्हणत नाही की खोल म्हणत नाही."

"पण ते वळलं कसं?"

"ते नाही वळलं. सांगतो. नाही, सांगत नाही, दाखवतो. झोपा या खुर्चीत."

पुढच्या अर्ध्या तासाचं वर्णन करण्यासारखं नाही. त्याने माझ्या मिशीला व्हॅसलीन फासलं, नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या ठेवल्या आणि ठशाचा थंडगार लगदा चेहऱ्यावर थापून वर प्लास्टरच्या पट्ट्या घातल्या. मला बोलता येत नव्हतं. त्याने त्या संधीचा फायदा घेऊन माझ्या जुन्या लेखांबद्दलची आपली खरी मतं सांगितली.

संध्याकाळी साचा वाळल्यावर त्याच्या आत पांढरा रंग दिला, मिटलेल्या पापण्यांवर बुबुळं काढली, काळ्या कापडात बसवून भिंतीवर टांगला आणि खाली दिवा ठेवला. मी एक डोळा मिटून खोलीभर चाललो. भिंतीवरचा मी चालणाऱ्या मला न्याहाळत होता, आणि त्याचं माझ्याबद्दलचं मत फारसं चांगलं दिसत नव्हतं.

तेवढ्यात दारात ताई उभी. दारातून डोकावून गेलेल्या बेकरीवाल्याने तिला बातमी दिली होती.

"काय रे धाकट्या, श्रीमुखाची नक्कल करून चेष्टा चालवलीयस म्हणे? लाज वाटते का?" एवढं म्हणून तिने भिंतीकडे बघितलं. "अगंबाई! हा तर तूच! अरे, बघतोय माझ्याकडे!" ती दोन पावलं बाजूला झाली. "अरे, वळतोय!"

"आशीर्वाद हवाय का?" मी विचारलं.

कवळीवाल्याने तिचा हात धरून तिला साच्याजवळ नेलं. चार फुटांवर गेल्यावर चेहरा डळमळला, आणि उंच नाक एकदम खड्ड्यात गेलं. तिने आत बोट घातलं. मग मागे जाऊन एक डोळा मिटला. नाक परत बाहेर.

"असं का होतं?" तिने विचारलं. मला नाही, कवळीवाल्याला.

"ताई, जन्मल्यापासून आपण हजारो चेहरे बघितले. सगळ्यांचं नाक बाहेर. आत गेलेलं नाक कुणी बघितलंय? म्हणून डोक्याला खोलगट चेहरा पटतच नाही. ते आपल्या मनानं नाक बाहेर काढतं. उजेड पण वरून यायची सवय. खालून दिला की खळग्याची सावली उंचवट्यासारखी पडते. एक डोळा मिटला की लांबी-खोली कळायचा एक मार्ग बंद. लांब उभं केलं की उरलासुरला बंद. आता खोलगट वस्तूसमोरून आपण डावीकडे गेलो, तर तिची उजवी आतली बाजू जास्त दिसते. डोकं तर नाक बाहेर धरून बसलंय. मग डोकं हिशेब जुळवतं, की अरे, चेहराच माझ्याकडे वळला! ज्याच्या त्याच्या डोक्यात, ज्याच्या त्याच्या बाजूला."

ताईने साच्याच्या कडेवरून एकदा अंगठा फिरवला. मग मान हलवली. "हे प्लास्टर आहे. तुझ्याकडे युक्ती आहे म्हणून तिथेही युक्तीच असेल, असं थोडंच आहे?"

मी उसळून बोलणार होतो. पण ती बरोबर बोलत होती. आमच्या भिंतीवर लबाडी शक्य आहे एवढंच आम्ही दाखवलं होतं. त्यांच्या भिंतीचं कुणी पाहिलं होतं?

कवळीवाल्याने मात्र शांतपणे विचारलं, "ताई, गिरणीत तुम्ही पंधरा फुटांवरून कधी थान पास केलंत?"

"वेडा आहेस का? हात फिरवल्याशिवाय?"

"एक डोळा मिटून?"

ताईने त्याच्याकडे असं बघितलं, की त्याच्या जागी विणकर असता तर त्याने नोकरी सोडली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पहिल्या रांगेत होती. तीन आठवड्यांच्या भक्तीने तिला ती जागा मिळाली होती. मी आणि कवळीवाला मागे. निवेदक द्वैत मिटवत होता. "बघा, वळलं की नाही?" असा प्रश्न आला आणि "वळलं!"च्या गजरात ताई दोरीखालून वाकून पलीकडे गेली.

"अहो आजी! आजी, तेज सोसणार नाही!" निवेदक मायक्रोफोनवरून ओरडला.

"सोसतंय, सोसतंय," ताई म्हणाली आणि चालत राहिली. स्वयंसेवक धावला. पण तीस वर्षं विणकरांना सरळ करणाऱ्या बाईच्या अंगावर हात टाकायचं त्याला धाडस झालं नाही. तिने पदर खोचला, हात उचलला आणि श्रीमुखाच्या नाकावर ठेवायला पुढे केला.

हात नाकाला लागला नाही. नाकातून पलीकडे गेला. मनगट गेलं, मग कोपरापर्यंत हात चेहऱ्याच्या आत. पंधरा फुटांवरून बघणाऱ्या शंभर माणसांना दिसलं की एका म्हातारीने देवाच्या तोंडात हात घातला आहे. कुणीतरी किंचाळलं.

आणि सन्मुखबाबांचं अकरा वर्षांचं मौन सुटलं.

"अहो बाई, हात काढा! प्लास्टर आहे ते, फुटेल!"

गोदामातले शंभर मिटलेले डावे डोळे एकदम उघडले. निवेदक हुशार माणूस. त्याने लगेच सुरुवात केली, "भाविकहो, बाबांची पहिली वाणी..." पण पुढे काय म्हणावं ते त्यालाही सुचेना. कवळीवाल्याने खालचा दिवा उचलून वर धरला. श्रीमुखाची नाकपुडी, गाल, कपाळ, सगळं एकदम आत बसलं. मातीच्या ताटलीत कुणी चेहरा दाबून ठेवावा तसं.

लोक पुढे आले. चाचपायला लागले. बेकरीवाल्याने बोट घातलं, काढलं, पुन्हा घातलं. शिवणक्लासच्या बाई एवढंच म्हणाल्या, "उलटं शिवलेलं आहे हो हे!" बाबा मागच्या दाराने गेले. निवेदक लाउडस्पीकर घेऊन गेला. तो भाड्याचा होता.

सगळे शहाणे झाले असं मात्र समजू नका. घरमालकांनी दोन्ही हात साच्यात घालून पाहिले आणि सांगितलं, "प्लास्टर असेल. पण माझ्याकडे मायेनं पाहिलं ते पाहिलंच." त्यांना ती माया कुठून तरी हवी होती. भाडेकरू तर देणार नव्हता.

त्या दिवशी घरी आल्यावर ताई आधी मोरीकडे गेली. हात धुतले, चहा टाकला, आणि चहा गाळता गाळता म्हणाली, "मला आताही वळतानाच दिसलं."

"कधी?"

"दारातून शेवटचं वळून बघितलं तेव्हा. दिवा परत खाली ठेवला होता कुणीतरी. मी आत हात घालून आले. खोल आहे हे मला ठाऊक. तरी वळलं. डोळ्यांनी माझं ऐकलंच नाही." तिने गाळणी खाली ठेवली. "म्हणजे जे नाही ते डोकं मला न विचारता बसवतं. मग कडेला नजर गेली असेल, तर तिथे काळं कशाला दिसेल? तिथेही ते काहीतरी बसवतच असणार. भिंत. पडदा. काहीही."

आयुष्यात इतकी भेदक गोष्ट मी कुठल्या लेखात लिहिली नव्हती, आणि ती मला सुचलीही नव्हती.

थेंब त्याच दिवशी सुरू झाले. आठवड्याने डॉक्टरीणबाईंनी यंत्रावर नजरेची कक्षा मोजली. हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघायचं, कुठेही बारीक उजेड चमकला की बटण दाबायचं. ताईने मन लावून बटण दाबलं. कागद आला, तर त्यावर डाव्या बाजूला कडेने काळा पट्टा.

"इथे उजेड पडले?" ताईने विचारलं.

"पुष्कळ पडले."

"मला एकही दिसला नाही. आणि दिसला नाही हेही कळलं नाही." तिने पट्ट्यावर बोट ठेवलं. "हे परत येईल?"

"नाही. यातलं किती या तीन आठवड्यांत गेलं आणि किती आधीच गेलं होतं, हे मी सांगू शकत नाही. बाकीचं राखता येईल. थेंब चुकवायचे नाहीत."

तर वाचकहो, डोळे खोटारडे आहेत असं माझं म्हणणं नाही. ते बिचारे आपल्या परीने काम करतात आणि डोकं त्यांच्या मागे बसून मजकूर सुधारतं. तुमचं डोकं तुमचा मजकूर, माझं डोकं माझा. मी पाहिलं म्हणून ते खरं, असं म्हणणारा माणूस स्वतःच्याच संपादकाला साक्षीदार समजत असतो. बाबालोकांना हे आपल्याआधी कळलेलं असतं. म्हणून ते तुमच्या डोळ्यांना कधी नाकारत नाहीत, उलट "तुम्हीच बघा" म्हणतात. तेव्हा जरूर बघा. मग जवळ जा, हात लावा, मोजा, दुसऱ्याला बघायला सांगा, दिवा हलवा. जिथे हे करायला मनाई असेल, तिथे तेज नसतं, प्लास्टर असतं.

दवाखान्यातून निघताना बाकावर शिवणक्लासच्या बाई भेटल्या. आपला नंबर यायची वाट बघत होत्या. ताईला बघून जरा ओशाळल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, तुम्ही हात घातलात, सगळं मान्य. पण खरं सांगते, माझ्याकडे त्याने पाहिलं होतं हो."

"पाहिलं असेल की," ताई त्यांच्या शेजारी बसत म्हणाली. "माझ्याकडे अजून पाहतं. म्हणून तर तपासून घ्यायचं."